यादी कशी लहान करावी?

बी.ए. नंतर भाषाविज्ञान आणि संस्कृत शिकायचे आहे. यादीत मात्र आठ ठिकाणे. शीळफाट्याच्या घरातील मुलाने त्यातली कोणती खोडावीत?

कालिन्याला मुंबई विद्यापीठात घरून जाता येते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाबरोबरच १९४८ पासून संस्कृत महाकोशाचे काम चालू आहे. पण तिथे राहण्याचा खर्च येतो. खर्चाचा विचार करणे हा कमीपणा नव्हे. शेजाऱ्यांना सांगायला बरे म्हणून ठेवलेले नाव मात्र आधी खोडावे.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, इथल्या लोकांची भाषा शिकले. त्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. त्यांची आठवण उरली ती या कष्टांमुळे.

पालकहो, प्रत्येक नावापुढे मुलांना एवढेच विचारा : इथे तू काय मन लावून शिकशील?