आठ वेळा एकच स्वर

शब्द नित्य की अनित्य, हा मीमांसक आणि नैयायिक यांच्यामधील पुरातन वाद मी विद्यार्थिदशेत परीक्षेपुरताच वाचला होता. तो जिवाशी येऊन भिडला तो परवा रात्री, संगणकावर तंतुवाद्यवृंदाची एक रचना बसविताना. चेलोंना खर्जातला एकच स्वर तुटक गजाने आठ वेळा द्यावयाचा होता. लंडनच्या हॅम्पस्टेड भागातील लिंडहर्स्ट हॉल, म्हणजे वॉटरहाऊसने एकोणिसाव्या शतकात रचलेले आणि पुढे ध्वनिमुद्रणगृह झालेले प्रार्थनामंदिर, तेथे हाडामांसाच्या वादकांकडून एकेक स्वर वाजवून घेऊन सिद्ध केलेल्या सॅम्पलांच्या दफ्तरातून मी एक उत्तम आघात निवडला आणि तोच आठही जागी योजला. वाद्य नाहीसे होऊन शिलाईयंत्राची खटखट तेवढी उरली.

गोशब्द आठ वेळा उच्चारला असे लोक म्हणतात, आठ गोशब्द उच्चारले असे कोणी म्हणत नाही. सबब शब्द एकच आणि नित्य, उच्चार त्याला केवळ प्रकट करतो, ही मीमांसक शबरस्वामींच्या भाष्यातील युक्ती. नैयायिकाच्या मते शब्द उपजतो आणि नष्ट होतो. दीपज्योत क्षणोक्षणी नवी असूनही सादृश्यामुळे तीच भासते, तसा हा भास. माझ्या आठ स्वरांत एकत्व अक्षरशः होते, आणि कानाने नेमके तेच नाकारले.

सॅम्पलकारांनी यावर तजवीज केलेली असते: एकाच स्वराचे निरनिराळे आघात मुद्रित करावयाचे आणि ते आळीपाळीने वाजवावयाचे, तिला राउंड रॉबिन म्हणतात. माझ्याजवळ असे चार आघात होते. ते जोडताच एक गज किंचित खरखरला, एक हलका पडला, आणि तोच स्वर आठ वेळा वाजला असे प्रथमच वाटले. मीमांसक म्हणेल, भेद ध्वनीचा, शब्दाचा नव्हे. या उत्तराचा मला आदर आहे. परंतु ज्या नित्याला प्रकट होण्यासाठी दर वेळी नवा, नाशवंत गज लागतो, त्याचे नित्यत्व त्या नाशाच्याच आधाराने उभे आहे, असे मला मनापासून वाटते.

चौथ्या आघातामागे कोणा वादकाच्या खुर्चीची अस्फुट करकर होती. ती मला फार प्रिय झाली. पण आठव्या स्वराशी तीच करकर, तितकीच, तेथेच, पुन्हा आली. मी आठवा स्वर काढून टाकला आणि त्या जागी विराम ठेवला.