जाति, व्यक्ति आणि खांब

जुन्नरजवळच्या तुळजा लेण्यांत एक वर्तुळाकार चैत्यगृह आहे. स्तूपाभोंवतीं १२ अष्टकोनी खांब असून वर घुमट आहे. हें चैत्यगृह संगणकावर उभें करावयाचें झाल्यास आजचा वास्तुशिल्पी १२ खांब काढीत बसणार नाहीं. तयार घटकांच्या भांडारांत असला खांब मिळत नाहीं, म्हणून तो एक घटक स्वतः घडवील, त्याच्या उंचीस व जाडीस नांवें देईल आणि तोच ३०-३० अंशांवर १२ वेळां मांडील. २००० सालीं निघालेल्या रेव्हिट या प्रणालींत अशा घटकाच्या सांच्यास 'फॅमिली' म्हणतात. नांव ऐकून प्रथम हंसूं येतें. पण आमच्या नैयायिकांनीं जिला जाति म्हटलें, तिच्याशीं याचें नातें जवळचें आहे. सांचा ही जाति. जागेवर बसलेला एकेक खांब ही व्यक्ति.

फरक एवढाच कीं, नैयायिकांची जाति नित्य आहे आणि ही मनुष्यानें केलेली. तिच्यांतील एक आंकडा बदलला कीं बाराहि खांब क्षणांत बदलतात. शिवाय कोणतें माप बदलूं द्यावें, कोणतें कशावर अवलंबून ठेवावें, हें कर्त्यासच ठरवावें लागतें. जाडी उंचीच्या प्रमाणांत वाढावी कीं स्वतंत्र असावी? म्हणजे खांबाचें सार कोणतें व उपाधि कोणती, याचा निवाडाच तो करीत असतो. ही निव्वळ कारागिरी आहे असें म्हणणारांनीं ती एकदां करून पाहावी.

यांत नीतीचा प्रश्न कोठें आला? नक्कल केली हा कांहीं दोष नव्हे. कार्ल्याच्या चैत्यगृहांत छताखालीं लांकडी कमानी आहेत. छत मात्र अखंड खडकाचें, त्यामुळें त्या कांहींच तोलीत नाहींत. लेण्याद्रीच्या सहाव्या लेण्यांत तर त्या कमानीहि खडकांतच कोरल्या आहेत. लांकडाची आठवण दगडांत ठेवणाऱ्या त्या कारागिरास लबाड म्हणण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं. आपण डोंगर कोरीत आहों, हें त्यानें कोणापासून लपविलें नाहीं.

लपवाछपवी निराळ्या ठिकाणीं सुरू होते. हातानें घडविलेले खांब केसाकेसानें सारखे नसतात. एखादा झिजलेला, एखाद्याचा कोपरा उडालेला. एकाचें माप घेऊन उरलेल्या ११ व्यक्ति त्याच जातींत ढकलल्या, तर नव्या इमारतीच्या आराखड्यांत कांहीं बिघडत नाहीं. पण तेंच चित्र जुन्या वास्तूची नोंद म्हणून ठेवलें, तर तो ११ खांबांविषयीं न पाहतां दिलेला जबाब होय. संगणकावरील रेषा तर इतकी नेटकी कीं, मोजलेलें कोणतें व कल्पिलेलें कोणतें हें पाहणारास कळत नाहीं.

लेणीं उभीं आहेत तोंवर कोणीहि जाऊन पडताळा घेईल. शेजारच्या तालुक्याची गोष्ट वेगळी. ज्या आंबेगांवावरून त्यास नांव पडलें, तें गांव गेल्या शतकाच्या अखेरीस डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें. तालुक्याची कचेरी घोडेगांवीं आहे. अशा गांवांतील एखाद्या ओसरीचा खांब फोटोवरून किंवा कोणा वृद्धाच्या आठवणीवरून संगणकावर उभा केला, तर नातवंडांस आजोबांचें घर म्हणून तेवढेंच दिसणार. 'मोजला', 'फोटोवरून', 'अंदाजानें' एवढी नोंद घटकास जोडणें या प्रणालींत मुळींच कठीण नाहीं; उंची-जाडीप्रमाणें तोहि एक रकाना होऊं शकतो. मात्र तो जातीच्या नांवें ठेवून भागत नाहीं. प्रत्येक व्यक्तीस तो निराळा भरावा लागतो, आणि तुळजेंत तरी त्यासाठीं बाराव्या खांबापर्यंत टेप घेऊन जावें लागतें.