येथील कुशल

या. बसा. पाठ सैल सोडा.

डोळे लगेच मिटू नका. आधी समोर पाहा.

पुण्याच्या सदाशिव पेठेतले भारत इतिहास संशोधक मंडळ. १९१० साली वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी सुरू केलेले. जुन्या वाड्यांतून, माळ्यांवरून, वाळवीच्या तोंडातून सोडवलेली पत्रे इथे विसावली आहेत.

तुमच्यासमोर एक रुमाल आहे. कापडाचा चौकोन, चार टोकांची गाठ.

गाठ सोडा. हळूच.

एक श्वास घ्या. जुन्या कागदाचा वास येतो. थोडा मातीसारखा, थोडा बंद कपाटासारखा.

वरचे एकच पत्र उचला. दोन्ही हातांनी. बाकीची राहू द्या.

कागद हातकागद आहे. बोटांना त्याचा खरखरीतपणा जाणवतो. कडेला कसरीने बारीक भोके पाडली आहेत. त्यांतून उजेड येतो.

पाहत राहा.

अक्षरे मोडीतली आहेत. वाचता आली नाहीत तरी चालेल. आधी एक आडवी रेघ, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग त्या रेघेला लटकलेली अक्षरे, एकमेकांचा हात धरून. शब्दाशब्दांत जागा नाही.

आता शाई पाहा. इथे गडद. पुढे फिकट, आणखी फिकट. मग पुन्हा गडद.

बोरू दौतीत बुडाला, तो हा क्षण.

इथे कुणाचा तरी हात थांबला होता. तुम्हीही थांबा.

गडद. फिकट. पुन्हा गडद. श्वासासारखे.

शाई वाळावी म्हणून त्या हाताने वर वाळू भुरभुरली असेल. कागद किंचित तिरपा धरा. एखादा कण अजून चमकतो का?

आता कान द्या.

अशा पत्रांच्या सुरुवातीला एक ठरलेली ओळ असते. येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे.

मोहीम असो, कर्ज असो, घरातले आजारपण असो, आधी ही ओळ. आम्ही बरे आहोत. तुमचे कळवा.

ही ओळ श्वासावर ठेवा.

श्वास आत घेताना, येथील कुशल.

श्वास सोडताना, तुमचे कुशल.

पुन्हा एकदा. येथील कुशल. तुमचे कुशल.

घाई नाही. हे पत्र घेऊन जाणारा जासूद पायी चालत असे. उत्तराला दिवस लागत. तितके दिवस कुणीतरी वाट पाहत असे.

त्या वाट पाहण्यापाशी बसा.

कुणाचे कुशल तुम्हाला विचारायचे आहे? एक चेहरा येऊ द्या. नाव उच्चारू नका. नुसते पाहा.

आता पत्राच्या शेवटाशी या. तिथेही एक ठरलेली ओळ आहे. बहुत काय लिहिणे.

तिच्याखाली कोरा कागद आहे. बोटभर जागा.

तिथे नजर ठेवा. जे लिहून संपत नाही, ते तिथे आहे. अडीचशे वर्षे ते तसेच आहे, आणि कुणी ते पुसलेले नाही.

ऐका.

एक श्वास. आणखी एक.

आता पत्र होते तसे ठेवा. कापडाची टोके एकावर एक घ्या. गाठ मारा, फार घट्ट नको.

उद्या कुणीतरी ती सोडणार आहे.