रस्ता कोणाचा?

वाहन कशासाठी, असे आमच्या वरुडात विचारले तर उत्तर येईल : संत्री न्यायला. माल जावा, माणूस पोचावा, यापलीकडे गाडीला धर्म नाही. पण मग पटाच्या बैलांचे काय? ज्या जोडीला नांगराला जुंपीत नाहीत, ती शंकरपटात काही क्षण धावावी म्हणून शेतकरी तिला वर्षभर सरकी चारतो. हे वेड आहे, आणि मला ते आवडते. निव्वळ उपयोगावर माणूस जगत नाही.

स्पोर्ट्स कारची जन्मकथा याच वेडाची. २४ मे १९०३ रोजी पॅरिस ते माद्रिद शर्यत सुटली. रस्ता नेहमीचाच, धुळीचा. दुतर्फा बघ्यांची दाटी. पहिल्याच दिवशी चालक मेले, बघे मेले. मोटारींचा कारखानदार मार्सेल रेनो जखमी होऊन दोन दिवसांनी गेला. सरकारने शर्यत बोर्दोलाच थांबविली. मोटारी घोडे लावून स्टेशनावर ओढीत नेल्या!

पुढे शर्यती बंदिस्त वाटांवर गेल्या. इंग्लंडात १९०७ साली ब्रुकलंड्सची खास धावपट्टी झाली. पण हौस कुंपणात राहीना. जर्मन बादशहाचा भाऊ प्रिन्स हेन्री याच्या नावाने १९०८ ते १९१० अशी तीन वर्षे लांब पल्ल्याची चढाओढ झाली. गाडी प्रवासाचीच हवी, असा नियम. कारखानदारांनी अंगरखा प्रवासाचा ठेवला आणि काळीज शर्यतीचे घातले. १९१० साली फर्डिनांड पोर्शने स्वतः चालवून जिंकलेली ऑस्ट्रो-डेमलर तशीच, व्हॉक्सहॉलची ‘प्रिन्स हेन्री’ही तशीच. अशा गाड्या मग विकतही मिळू लागल्या. म्हणजे शर्यत पुन्हा भररस्त्यात आली, आणि या वेळी दवंडी न पिटता.

येथे माझे मन अडते. स्वतःचा जीव पणाला लावण्याचा हक्क माणसाला असावा. बोर्दोच्या वाटेवरचे बघेही निदान आपल्या पायांनी आले होते. पण बाजाराहून परतणाऱ्या बाईला कोणी विचारले? पटात बैलाला तरी कोण विचारतो, म्हणाल. खरे आहे. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली या शर्यती थांबविल्या, आणि २०२३ साली अटी घालणारा राज्याचा कायदा मान्य केला. बैलाच्या वतीने कोणीतरी भांडले. रस्त्यावरच्या त्या बाईच्या वतीने कोण भांडणार?

कुंपण पुरेसे असते असेही नाही. ल माँची २४ तासांची शर्यत १९२३ पासूनची, मुळात अशाच मोटारींसाठी सुरू झालेली. १९५५ साली तेथे एक गाडी उडून गर्दीत पडली. ८० हून अधिक माणसे मेली. शर्यत चालूच राहिली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ठरल्या वेळी संपली.