गब्बरचा वेश

वेशभूषा स्पर्धेत एखादे बालक 'शोले'तील (१९७५) गब्बर होऊन खोटी बंदूक रोखते, तेव्हा आम्ही सारे हसतो. खेळात पाप कोठले? पण त्या चित्रपटात गब्बर अशाच एका लेकरास गोळी घालतो, हे आम्ही विसरतो.

आदिलाबादेत दिवाळीच्या दंडारीत मोरपिसांचा टोप चढविणारा गोंड गुसाडी तो उतरेपर्यंत पथ्ये पाळतो. वेश म्हणजे जबाबदारी, हे तो जाणतो. पौलही ख्रिस्तास परिधान करण्यास सांगतो, ते एका दिवसापुरते नव्हे.

याच जिल्ह्यात इंद्रवेल्लीस २० एप्रिल १९८१ रोजी पोलिसांच्या गोळ्यांनी गोंड बांधव मारले गेले. तेथे बंदूक ही गंमत नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, खेळ मोडू नका. मुलास एवढेच विचारा : तुझ्या बंदुकीपुढे कोण उभे आहे?