अनाथ पिलू आणि दयेची मर्यादा

आई गमावलेले पिलू, त्याला उराशी धरून आणणारा मनुष्य, बाटलीने पाजलेले दूध आणि पुढे दोघांची जडलेली मैत्री, अशा कथानकाची पुस्तके मुले पुनःपुन्हा वाचतात. या कथांनी कोवळ्या मनात जीवदया रुजते, असे पालक व शिक्षक मानतात. हे मत चुकीचे नव्हे. तथापि दया कोठे संपते आणि ममत्व कोठे सुरू होते, याचा विचार ज्या पुस्तकात नाही, ते दयेच्या नावाने दुसरेच काही शिकवीत असण्याचा संभव आहे.

भागवताच्या पाचव्या स्कंधातील भरताचे आख्यान सर्वांना ठाऊक आहे. राज्य टाकून तपाला बसलेल्या भरतासमोर सिंहगर्जनेने भ्यालेली गाभण हरिणी नदी ओलांडू पाहते, पाडस प्रवाहात पडते, हरिणी मरते. भरत ते पाडस उचलतो. येथवर त्याच्याकडून काही दोष घडलेला नाही. वाहत्या पाण्यातील जीव न उचलणारा तपस्वी कोणत्या कामाचा? पुढे मात्र त्याला चारणे, कुरवाळणे, ते दृष्टीआड झाले की व्याकूळ होणे यांतच त्याचे नित्यकर्म बुडते, आणि अंतकाळी त्याचेच चिंतन राहिल्याने त्याला मृगाचा जन्म येतो. निरूपणात या कथेतील आसक्तीचा दोष तेवढा सांगितला जातो. पण ती पाडसाच्या बाजूनेही वाचता येते. पाडस परत येईल की नाही, ही चिंता भरताला जाळते. ते परत न येण्यातच त्याचे हित असू शकेल, या विचाराला त्या चिंतेत स्थान मिळत नाही.

याच्या शेजारी लीळाचरित्रातील सशाची लीळा ठेवून पाहावी. पारध्यांच्या कुत्र्यांपुढे पळणारा ससा सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या जानूखाली शिरला. पारध्यांनी तो मागितला, आपली होड लागल्याचे सांगितले. स्वामींनी शरणागताला सोपविले नाही. पारध्यांवर मात्र ते रागावले नाहीत. रानातले गवत खाऊन व पाणी पिऊन राहणाऱ्या निरपराध जीवाला का मारावे, हे त्यांना समजावले, आणि त्यांनी हिंसा सोडली. त्यानंतर स्वामींनी जानू उचलली व सशाला जावयास सांगितले. लीळा ऐकताना मन रक्षणाच्या प्रसंगापाशी थांबते, आणि या शेवटच्या कृतीकडे बहुधा दुर्लक्ष होते. ससा स्वामींपाशी राहिला नाही. त्याला राखून घेण्याचा विचारही तेथे नाही. आश्रय भयापुरता होता. भय सरताच तोही सरला.

या दोन कथांच्या मधल्या जागेत आजची सारी प्राणिपुस्तके बसतात. जॉय ॲडम्सन यांचे एल्सा सिंहिणीवरील १९६० सालचे पुस्तक जगभर वाचले गेले. एल्साची आई १९५६ साली केनियात जॉर्ज ॲडम्सन यांच्याच गोळीने मेली होती. ज्याने अनाथ केले त्याच्याच घरी ती वाढली. पुढे तिला शिकार करावयास शिकवून रानात सोडण्यात आले, म्हणून ती कथा भरताच्या वाटेने गेली नाही. राम पटवर्धनांनी ‘पाडस’ या नावाने मराठीत आणलेली मार्जोरी रॉलिंग्ज यांची कादंबरी याहून कठोर आहे. सर्पदंशावरील उपायासाठी बाप हरिणी मारतो, तिचे पाडस मुलगा पाळतो. पाडस वाढते, घराचे पीक खाऊ लागते, आणि अखेर त्याच मुलाला त्याच्यावर बंदूक चालवावी लागते. लहान मुलांना ही कथा सोसवेल का, अशी शंका घेतली जाते. सोसवणार नाही, हे खरेच. पण पिलू मोठे होते आणि मोठे झालेले जनावर पोटभर खाते, एवढे सत्य तरी मुलांपासून का लपवावे?

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण हेमलकशाचे आहे. भामरागडच्या अरण्यात २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. मारलेली माकडीण घेऊन चाललेले माडिया लोक डॉ. प्रकाश आमटे यांना भेटले. तिला बिलगलेले पिलू जिवंत होते. आमट्यांनी ते मागून घेतले, आणि पुढे अनाथ पिले आणून देणाऱ्यांना धान्य देण्याची रीत पडली. त्यातून प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. डॉ. आमटे यांचे ‘रानमित्र’ आणि विलास मनोहर यांचे ‘नेगल’ ही पुस्तके त्याच परिसरातली. मनुष्याच्या मांडीवर डोके ठेवणारा बिबट्या मुलांना भुरळ घालतो, यात नवल नाही. परंतु या प्रसंगाचे मर्म मांडीवरच्या बिबट्यापेक्षा त्या धान्यात अधिक आहे. माकडीण हौसेसाठी नव्हे, भुकेसाठी मारली गेली होती. शिकाऱ्याचा धिक्कार न करता त्याची भूक जाणणे, हे सशाच्या लीळेतील पारध्यांशी झालेल्या बोलण्याच्या जवळचे आहे.

येथे कोणी म्हणेल, हेमलकशाची जनावरे रानात सोडली गेली नाहीत, मग ते भरताचेच पालन नव्हे काय? याचे उत्तर असे की, माणसाच्या हातावर वाढलेला बिबट्या माणसाचे भय विसरतो. त्याला सोडणे हे त्याचे व गावकऱ्यांचे दोघांचेही मरण ठरू शकते. सोडता येत नाही म्हणून सांभाळणे निराळे आणि सोडवत नाही म्हणून सांभाळणे निराळे. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात, म्हणूनच पुस्तकात हा भेद स्पष्ट लिहिला पाहिजे.

नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. शहादे व तळोदे तालुक्यांत ऊस वाढला, तसा बिबट्या सातपुड्यातून उतरून उसात राहू लागला. तेथेच मादी विते. अलीकडील वर्षांत तळोदे तालुक्यात त्याच्या हल्ल्यात माणसे दगावली आहेत. धडगाव, अक्कलकुव्याच्या आश्रमशाळांतील कित्येक मुलांचे आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जातात. त्या मुलाच्या घरी वाघदेवाची पूजा होते आणि त्याच घरात रात्री दार घट्ट लावून घेतात. अशा मुलाला मांडीवर झोपणाऱ्या बिबट्याचे पुस्तक दिले तर ते दयेचे शिक्षण होईल की त्याच्या भयाची थट्टा? ज्याने बिबट्याला कधी पाहिले नाही त्याची दया स्वस्त असते. धडगावच्या मुलाला द्यावयाच्या पुस्तकात भयालाही जागा हवी.

आणखी एक गोष्ट. ऊस तोडताना जी पिले सापडतात ती बहुधा अनाथ नसतातच. मादी त्यांना लपवून भक्ष्यासाठी जाते व परतते. सशीणही दिवसा पिलांपासून दूर राहते. हरिणी पाडसाला गवतात निजवून चरावयास जाते. वाटसरू एकटे पिलू पाहतो, कळवळतो, उचलतो, आणि त्याच क्षणी ते खरोखर अनाथ होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असे पिलू घरी ठेवण्यास मनाई केली आहे; वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवावयाचे असते. पण ज्या पुस्तकात पिलू उचलणे हीच थोर कृती, त्याचा वाचक थांबून आईची वाट कशाला पाहील?

जुन्नर व नाशिक भागांत वनकर्मचारी अशी पिले तपासून सायंकाळी सापडल्या जागीच खोक्यात वा टोपलीत ठेवतात, माणसांना दूर करतात व वाट पाहतात. पुष्कळदा रात्री मादी येते आणि एकेक पिलू तोंडात धरून नेते. या प्रसंगावर मुलांसाठी पुस्तक लिहावे. त्यात मैत्री असणार नाही, पिलाला नाव असणार नाही, वाचविणाऱ्याला पिलू पुन्हा दिसणारही नाही. शेवटच्या पानावर तोडलेल्या उसाचे शेत आणि रिकामी टोपली काढावी लागेल.