संचित आणि गोळी

हैदराबादच्या तारनाक्याला माझं मेडिकल आहे. रेल्वेतून निवृत्त झालेले, रोज गीता वाचणारे शेजारचे काका परवा चिठ्ठी घेऊन आले. गालात वीज चमकल्यासारखी कळ येते, दाढी करायचीही चोरी. डॉक्टरांनी कार्बामाझेपीन सुचवलं, पण आधी रक्ताची एचएलए तपासणी करून आणायला सांगितली. काका म्हणाले, "अगं, देहाचे भोग प्रारब्धाचे. रक्त तपासून ते टळणार आहेत का?"

ही गोळी असंख्य लोक घेतात, काही होत नाही. एखाद्याला मात्र पहिल्या दोनेक महिन्यांत ताप येतो, डोळे लाल होतात, तोंड आतून सोलवटतं आणि अंगाची कातडी भाजल्यासारखी सुटू लागते. यात जीवही जातो. २००४ साली तैवानच्या संशोधकांनी या आजाराचं नातं एचएलए-बी १५:०२ या जनुकप्रकाराशी जोडलं. पुढे तो काही भारतीय रुग्णांतही सापडला.

हा जनुकप्रकार आईवडिलांकडून येतो आणि गोळी पोटात जाईपर्यंत गप्प असतो. मग त्याला प्रारब्ध कसं म्हणायचं? ते तर संचित, साठलेलं पण फळायला न लागलेलं. प्रारब्ध सुटलेल्या बाणासारखं, ज्ञान्यालाही भोगावं लागतं, असं शंकराचार्य सांगतात. संचित ज्ञानाने जळतं. तिथलं ज्ञान आत्मज्ञान आहे, लॅबचा रिपोर्ट नव्हे, हे मी जाणते. तरी बाण अजून भात्यात आहे एवढं रिपोर्ट नक्की सांगतो. तैवानमध्ये ४,८७७ जणांची आधी तपासणी केली, जनुक असलेल्यांना दुसरं औषध दिलं. एकालाही हा आजार झाला नाही; एरवी दहाएक जणांना झाला असता.

आमच्या शेजारी हबसिगुड्याला सीसीएमबी ही जीवशास्त्राची संशोधन संस्था आहे. तिथल्या संशोधकांनीही लिहून ठेवलंय की वैश्य समाजातल्या काहींना जनुकातल्या फरकामुळे शस्त्रक्रियेआधीची स्नायू सैलावणारी काही औषधं धोक्याची ठरतात. तेही आधी विचारलं तरच टळतं.

आणि प्रारब्ध हा शब्द भोगणाऱ्याने स्वतःपुरता वापरावा; औषध देणाऱ्याच्या तोंडी तो मला अधर्म वाटतो. गोळी हातावर ठेवणं हे माझं क्रियमाण, आत्ता हातून घडणारं कर्म आहे.

मी काकांना हे सगळं सांगितलं. जनुक असलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही आणि नसलं तरी पूर्ण हमी नाही, हेही सांगितलं. ते बराच वेळ वाद घालत बसले, मग रक्त द्यायला गेले. रिपोर्ट चांगला आला तरी पाकिटावर मी लिहून देणार आहे: तोंड आलं, पुरळ उठलं किंवा ताप आला, तर पुढची गोळी घ्यायची नाही, तडक डॉक्टरांकडे जायचं.